पंधरा ओळींची छत्री

"बाबा, पंधरा ओळी म्हणजे पंधरा वाक्यं, की वहीच्या पंधरा ओळी?"

रात्रीचे सव्वाआठ वाजलेत. प्रश्न विचारणारी व्यक्ती तिसरीत आहे आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसतंय, की उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे. आहेच. वहीच्या ओळी असतील तर अक्षर मोठं काढता येतं, दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडता येते, आणि 'असे मला वाटते' हे शेपूट कुठल्याही वाक्याला जोडून आणखी अर्धी ओळ पदरात पाडून घेता येते. वाक्यं असतील तर मात्र सरळसोट मार्ग: मी छत्री आहे. मी काळी आहे. मला दांडा आहे. तीन झाली, बारा राहिली.

विषय होता 'छत्रीचे आत्मवृत्त'.

निर्जीव वस्तूंना बोलतं करण्याची ही शालेय हौस कुणाची, कोण जाणे. माझ्या लहानपणीही ती होतीच. फाटकं पुस्तक, मोडकी खुर्ची, बंद पडलेलं घड्याळ; सगळे आळीपाळीने यायचे आणि सगळेच दुःखी असायचे. आपण कसे सुखात होतो, मग माणसांनी कसं टाकून दिलं, हे सांगून शेवटच्या ओळीत उपदेश करायचे आणि गप्प व्हायचे. सुखात असलेल्या खुर्चीला आत्मवृत्त लिहायला आमच्या वर्गात कधी परवानगीच मिळाली नाही.

लेकीची अडचण वेगळी होती. "छत्रीला तोंड नाही. ती बोलेल कशी?"

"समज, बोलली तर?"

"कोणाशी?"

मी जरा अडखळलो. "बाईंशी."

"बाईंना माहितीये छत्री काय असते ते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे लक्षात आलं, की तिने विचारलं ते पोरकट नव्हतं, मुळातलं होतं. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली, त्याच्या शेवटच्या वर्षात, याचीच मांडणी केली होती. बोलताना समोर कुणीतरी असतं. ते मान डोलावतं, कपाळाला आठ्या घालतं, 'मग?' म्हणतं. लिहिताना समोरचा माणूस गायब होतो, आवाजही गायब होतो. उरतो फक्त कागद, आणि तो 'मग?' म्हणत नाही. मोठ्यांना या एकटेपणाची सवय झालेली असते. आठ वर्षांच्या मुलीला आपण ते एकदम हातात देतो आणि वर म्हणतो, "एवढी बडबड करतेस, चार ओळी लिहायला काय होतं?"

हे वाक्य मी म्हणालेलो आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

माझ्या नावावर याहून मोठा गुन्हा आहे. मागच्या सत्रात 'माझी आजी' असा विषय होता. तेव्हाही रात्र झालेली, तेव्हाही पोरगी पेंगुळलेली, आणि मला सकाळी लवकर निघायचं होतं. मी म्हटलं, मी सांगतो, तू लिही. मग मी खिडकीशी उभा राहून सांगत गेलो. 'आजी म्हणजे मायेचा सागर. तिच्या सुरकुतलेल्या हातांत प्रेमाचा ओलावा आहे.' लिहून घेणारीने मध्येच विचारलं, "ओलावा म्हणजे हात धुतलेत?" मी म्हटलं, लिही गं. सुवाच्य अक्षरात वीस ओळी झाल्या. वहीत 'छान' आलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'पुढच्या वेळी तुझ्या आजीबद्दल लिही.'

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण लेकीने तो निबंध फोनवरून खुद्द आजीला वाचून दाखवला. पलीकडे दोन क्षण शांतता. मग आई म्हणाली, "छान लिहिलंय. पण ही कोणाची आजी?"

बरोबर होतं तिचं. माझी आई मायेचा सागर वगैरे नाही. पत्त्यांत हरायला लागली की ती पानं गोळा करून 'आता पुरे' म्हणते. दारावर अनोळखी माणूस आला तर तिची उलटतपासणी संपेपर्यंत तो दमतो. हे सगळं लेकीला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. नंतर सहज विचारलं तर ती म्हणाली, "आजीच्या चष्म्याला दोरी आहे, म्हणजे तो हरवणार नाही. पण मग ती दोरी शोधत बसते." एवढं एक वाक्य माझ्या सबंध सागराला पुरून उरलं असतं. मला ते ऐकायला सवड नव्हती.

तर छत्री. या वेळी मी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मग ती बोलली. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची छत्री बटण दाबलं की उघडते, पण एकदा ती वर्गातच उघडली, बाईंच्या टेबलावरचे खडू खाली, आणि मैत्रीण म्हणे आधी छत्रीकडे बघून ओरडली आणि मग रडली. शिवाय छत्रीची एक काडी कापडातून बाहेर आलीय आणि ती कायम कुणाच्या तरी केसांत अडकते. दहा मिनिटं हातवारे करत हे चाललं होतं. मी खूश होऊन म्हटलं, "झालं की! हेच लिही."

"काय?"

"आत्ता बोललीस ते."

"ते संपलं ना पण."

तिने पेन्सिल घेतली, 'मी छत्री आहे' लिहिलं आणि थांबली. मी प्रथमच नीट बघत बसलो. नुसता 'छत्री' हा शब्द बघा. छ काढायचा म्हणजे वळणावर वळण. मग त्र, म्हणजे त आणि र एकमेकांत बसवायचे, त्यातला र कुठे गेला याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. मग दीर्घ वेलांटी, तिचं टोक वरच्या ओळीत घुसता कामा नये. मग शिरोरेघ, जी जात्याच तिरकी. हे सगळं होईस्तोवर जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, पेन्सिलीवर एवढा जोर की मागच्या पानावर ब्रेल लिपी उमटावी, आणि तोवर डोक्यातलं पुढचं अर्धं वाक्य खिडकीतून उडून गेलेलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा असतात, मग एकेक करून त्यांचं हाड होत जातं. शेवटच्या, वाटाण्याएवढ्या हाडाची पाळी येते आठ ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान कधीतरी. म्हणजे ज्या हाताला आपण 'वळणदार काढ' म्हणून दटावतो, त्या हाताचं सामान अजून पुरतं आलेलंही नाही.

आणि हात हा एक भाग झाला. १९८१ मध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी लिहिण्याबद्दल एक सिद्धांत मांडला. त्यासाठी त्यांनी माणसांना लिहिता लिहिता मनातलं मोठ्याने बोलायला लावलं होतं. दिसलं असं, की योजना आखणं, ते शब्दांत आणणं आणि लिहिलेलं तपासणं ही कामं एकामागून एक रांगेत येत नाहीत, एकमेकांच्या पायात येतात. आधी मुद्दे, मग कच्चं, मग पक्कं ही शिस्त वहीत शोभते, डोक्यात तसं काही नसतं. मला हे वाचून बरं वाटलं, कारण साधा रजेचा अर्ज लिहितानाही मी चार वेळा मागे जातो. फरक इतकाच, की मला 'रजा' लिहिताना र कसा काढायचा हे आठवावं लागत नाही.

मग मी एक युक्ती केली. माझ्याकडे पाठकोरा कागद होता. म्हटलं, "मी छत्री कधी बघितलीच नाही असं समज. तू बोल, मी उतरवून घेतो. तू म्हणशील तेच, एक शब्द माझा नाही." याला काही पालक लबाडी म्हणतील. मला तसं वाटत नाही. तिच्या हाताची हमाली मी दहा मिनिटं केली, वाक्यं तिचीच होती. माझ्या सागराच्या वेळी बरोबर उलट झालं होतं: हमाली तिची, वाक्यं माझी. लबाडी ती होती.

उतरवून घेणं म्हणजे सोपं काम, असं वाटलं होतं. हात सुधारायला शिवशिवतो. ती म्हणाली, "मला उघडलं की माझ्या पोटातल्या काड्या दिसतात, म्हणून मला लाज वाटते." मी 'पोटातल्या'ऐवजी 'आतल्या' लिहायला निघालो होतो. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पोटातल्या."

आणखी एक शोध लागला, की 'अजून काय?' हा निरुपयोगी प्रश्न आहे. त्याला 'बस' एवढंच उत्तर मिळतं. 'तुला कसं वाटलं?' त्याहून वाईट, त्याला 'छान' मिळतं. पण 'ऊन पडलेलं असतं तेव्हा ती कुठे असते?' असं विचारलं की गाडी सुटते. दाराच्या मागे असते. उलटी लटकलेली असते. शेजारी बाबांचं जुनं जॅकेट असतं, त्याला वास येतो. (येत नाही. पण एक शब्द माझा नाही, असं कबूल करून बसलो होतो.)

मग तिने कागदावरून वहीत उतरवायला घेतलं, आणि 'आणि' आलं.

मुलांच्या लिखाणात 'आणि' म्हणजे गाडीच्या डब्यांमधली साखळी. मी उघडते आणि पाऊस पडतो आणि मी भिजते आणि ती भिजत नाही. मी त्याला हात लावला नाही, तो आपोआप कमी होईल. गडबड वेलांटीची होती. तिने 'आणी' लिहिलं. मी म्हटलं, पहिली वेलांटी.

"शब्दाच्या शेवटी दुसरी येते. बाईंनी सांगितलंय. पाणी, गाणी, राणी."

तिचा नियम बरोबर आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे. त्याला अपवाद केले आहेत, आणि त्यात नेमका 'आणि' आहे, बरोबर त्याचा धाकटा भाऊ 'नि'. म्हणजे जो शब्द मुलं सर्वांत जास्त वेळा लिहितात तोच नियम मोडून बसलाय. नियम पाळणारीला लाल रेघ मिळते. मी म्हटलं, हा अपवाद आहे. ती म्हणाली, "मग 'छत्री' पण अपवाद करू या, पहिली वेलांटी सोपी पडते."

'मूल'चं तर विचारूच नका. छत्रीला एक मूल दिसतं, तिथे दुसरा उकार. पुढच्याच ओळीत ती त्या मुलाला भिजू देत नाही, तिथे पहिला. "ला लावला की उकार लहान का होतो?" मला नियम येतो, कारण येत नाही. म्हटलं, मागे ओझं आलं की आवाज आखडतो बहुतेक. 'मूल', 'मुलाला' असं तिने तीन-चारदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि मान हलवली. तिला पटलं. मला अजून तितकंसं नाही.

खोडरबराबद्दल फार लिहीत नाही. आमच्याकडे त्याचं व्यसन आहे. एकेका शब्दासाठी पानाला भोक पडेपर्यंत खोडलं जातं, आणि त्या भोकातून मागच्या पानावरचं गणित डोकावतं. 'नुसती एक रेघ मार आणि पुढे जा' हा माझा सल्ला 'वही घाण दिसते' या एका वाक्यात कायमचा निकालात निघालाय. वही स्वच्छ हवी ही हौस तिची की आमची, ते विचारायचं मी टाळतो.

सव्वानऊला बारा ओळी झाल्या होत्या. वहीच्या ओळी, अर्थात. ती पाणी प्यायला उठली आणि मी, सवय वाईट, वही पुढे ओढली. तिची शेवटची ओळ होती, 'मग पाऊस थांबतो आणि मला कोपऱ्यात ठेवतात आणि माझ्या पायाशी तळं होतं.' मला वाटलं, इथे थोडी उंची हवी. तीन ओळी भरायच्याही होत्याच. पेन्सिल घेतली आणि तिच्या अक्षरासारखं अक्षर काढत लिहिलं: 'दुसऱ्यांसाठी भिजण्यातच माझ्या जीवनाचे सार्थक आहे.' फाटक्या पुस्तकाची जुनी सवय.

ती परत आली. वाचलं. काही बोलली नाही. खोडरबर घेतलं, डाव्या हाताने पान घट्ट धरलं, आणि कडेकडेने सुरुवात करून 'सार्थक'पर्यंत गेली. फुंकर मारून चुरा माझ्या दिशेने उडवला.

"अरे, का खोडलंस?"

"छत्री असं बोलत नाही," ती म्हणाली आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात ठेवून तेराव्या ओळीला लागली.