पाचव्या क्रमांकाची शाळा

मी बीड जिल्ह्यात केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या अकरा शाळा. 2024च्या एप्रिलमधली गोष्ट. संकलित चाचणी दोनचे, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचे, गुण मोबाइलवरच्या सरकारी चॅटबॉटवर भरून झाले होते आणि शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शाळांची क्रमवारी वाचून दाखवा, असा निरोप होता. मी तिसरी-चौथीच्या भाषा-गणिताच्या सरासऱ्या काढल्या, उतरत्या क्रमाने लावल्या आणि वाचल्या. पहिली आली हमरस्त्यावरच्या मोठ्या गावची शाळा. तिच्यासाठी टाळ्या पडल्या. अकरावी आली तांड्यावरची द्विशिक्षकी शाळा. तिथल्या मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या.

चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. "सर, उद्या शाळेवर येता का? हजेरी दाखवायचीय."

सकाळची शाळा होती. साडेसातला पोहोचलो. मॅडमनी हजेरीपत्रक समोर ठेवलं. तिसरी-चौथीचा पट एकोणीस. त्यातल्या अकरा नावांपुढे दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत गैरहजेरीची सलग ओळ. प्रत्येक नावाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं: सांगली, कोल्हापूर, बेळगाव. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले होते, मुलं त्यांच्यासोबत. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मॅडमनी सगळ्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, पण मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात उसाच्या फडाजवळ, गावातली शाळा लांब. तिकडे शाळेत बसली ती फक्त दोघं.

चौथीतली एक मुलगी चाचणीच्या नऊ दिवस आधी परतली होती. मी तिला उतारा दिला. शब्दावर बोट ठेवून ती एकेक अक्षर जुळवू लागली. बोटांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काही अजून पुरत्या भरल्या नव्हत्या.

"तिकडं काय करायचीस?"

"भावाला सांभाळायची. उसाची वाढं बांधायची."

मॅडमनी त्यांची वही उघडली. पहिल्या सत्रातली नोंद होती: उतारा वाचते, अर्थ सांगते. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्याप्रमाणे तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द वाचायला हवेत. ही पोर दिवाळीआधी त्या पल्ल्याला आली होती. पाच महिन्यांत सगळं पुसलं गेलं, आणि त्याचे गुण मी भरसभेत मॅडमच्या नावावर वाचून दाखवले होते. मला फार लागलं ते.

तिथेच बाकावर बसून यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडे मांडले. आजीजवळ किंवा चुलत्याकडे राहून वर्षभर शाळेत आलेली मुलं आठ. त्यांची वेगळी सरासरी काढली तर शाळा तिसऱ्या क्रमांकाच्या आसपास येत होती. आठ मुलांच्या सरासरीवर फार भार टाकता येत नाही, हे मला कळतं. पण मॅडमचं शिकवणं कसं आहे ते त्या आठ मुलांनी सांगितलं होतं, माझ्या यादीने नाही. मुलांना वाचता-गणित करता येतं का हे बघणारी 'असर'ची पाहणी घरोघरी जाऊन होते, म्हणून शाळेत न आलेलं मूलही तिच्यात सापडतं. आमच्या यादीत मूल दिसतं ते चाचणीला बसलं त्या दिवसापुरतं; मधले महिने ते कुठे होतं, हे तिला ठाऊकच नसतं.

मग मोबाइलवर बाकीच्या शाळांचेही दोन्ही सत्रांचे गुण शेजारी शेजारी लावले. आणि पाचव्या क्रमांकाच्या शाळेवर अडकलो. तिथून कोणी ऊसतोडीला जात नाही. शिक्षक पूर्ण, भिंती रंगवलेल्या, डिजिटल वर्ग, हजेरी उत्तम. बाहेरून कोणी पाहुणे आले की मी त्यांना तिथेच न्यायचो. ऑक्टोबर आणि एप्रिलच्या गुणांत मात्र फरक जवळपास नाही. वर्षभर पोरं रोज आली आणि होती तिथेच राहिली.

शाळा सुटायच्या आत तिथे गेलो. चौथीच्या वह्या पाहिल्या, अक्षर मोत्यासारखं. सगळं फळ्यावरून उतरवलेलं. मी फळा पुसला आणि पाच नव्या ओळी लिहिल्या. वर्गात बावीस मुलं होती, धड वाचता आलं सात जणांना. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तर फळ्याकडे न बघता पुस्तकातला पाठच म्हणून दाखवला, न अडखळता. सगळा धडा पाठ होता त्याचा.

मुख्याध्यापक म्हणाले, "पण सर, आपला नंबर तर पाचवा आहे ना?"

त्यांचं काय चुकलं? तो नंबर मीच दिला होता. अकराव्या क्रमांकाच्या शाळेला बोल लावत असताना मदतीची खरी गरज असलेली शाळा मीच यादीच्या मध्यात सुखाने बसवून ठेवली होती, आणि वर्षभर तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

जूनपासून दर गुरुवारी मी त्या चौथीच्या वर्गात बसतो. आधी गुरुजी अवघडले. आता तेच मुलांना तीन गटांत बसवून रोज तासभर नुसतं वाचन घेतात. वर पाठवायच्या तक्त्यात मी हजर दिवसांचा आणि मागच्या चाचणीतल्या गुणांचा असे दोन रकाने वाढवले आणि क्रमांकाचा रकाना कोरा सोडला. फोन आला, विचारणा झाली. मी हजेरीपत्रकाचे फोटो जोडून दिले.

दसऱ्याच्या आधी तांड्यावरच्या मॅडम आणि मी हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी घरोघर फिरलो; आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच राहून शिकावीत, यासाठी ही सोय. त्या मुलीची आई उंबऱ्यातच अडली. पोरगी ठेवली तर फडात धाकट्याला सांभाळायचं कोणी? मॅडम तिच्याशेजारी ओट्यावर बसल्या, बराच वेळ बोलल्या. आजी तयार झाली. दोघांचीही नावं यादीत लिहिली, बहिणीचं चौथ्या ओळीत, भावाचं पाचव्या.