पाचही गोष्टी नियमात बसत होत्या

मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. हवामान, मार्ग, इंधन, वजन, विमानातले शिल्लक बिघाड आणि विमानतळांच्या सूचना तपासून सुटण्याआधी उड्डाणाचा आराखडा करायचा, हे आमचं काम. तो कॅप्टनला पटला तर सही होते, आणि मगच विमान निघतं. बाहेरच्यांना वाटतं, निर्णय एकटा कॅप्टन घेतो.

त्या संध्याकाळच्या उड्डाणात नियमाबाहेरची एकही गोष्ट नव्हती. हे आधीच सांगते, कारण नंतरचा सगळा वाद त्यावरच झाला.

विमानाच्या डाव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर बंद करून ठेवलेला होता. उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी ही यंत्रणा. कोणता बिघाड घेऊन उडता येतं याची एक यादी असते, एमईएल. तिच्यानुसार या बिघाडाला 10 दिवसांची मुदत होती आणि ती संपायला बराच अवकाश होता. जिथे जायचं तिथली लांब धावपट्टी डागडुजीसाठी बंद, म्हणजे आखूड धावपट्टीवर उतरणं आलं. तिला आयएलएस, म्हणजे ढगांतून रेडिओ संकेतांवर धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा, एकाच टोकाकडून. ढग खाली आले तर त्याच बाजूने यावं लागणार, आणि त्या बाजूला 7 नॉट टेलविंडचा, म्हणजे मागून येणाऱ्या वाऱ्याचा, अंदाज. आमची मर्यादा 10. टॅफमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अंदाजात, गडगडाटी पावसाचा ‘टेम्पो’, म्हणजे तात्पुरत्या बदलाचा इशारा. जवळच्या पर्यायी विमानतळाचं हवामान मर्यादेच्या जेमतेम वर.

धावपट्टी बंद असल्याचा नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, क्रेनवरचे दिवे, गवतकापणी आणि बंद टॅक्सीवे (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणारे रस्ते) यांच्या ढिगात दडलेला होता. या ढिगाचा मला मनापासून राग आहे. 7 जुलै 2017 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत एक विमान टॅक्सीवेलाच धावपट्टी समजून उतरायला आलं. खाली चार विमानं रांगेत उभी होती. जमिनीपासून सुमारे 60 फुटांपर्यंत येऊन ते पुन्हा वर गेलं. शेजारची धावपट्टी बंद असल्याची नोंद वैमानिकांना दिलेल्या 27 पानी कागदांत आठव्या पानावर होती. एवढं होऊनही महत्त्वाची सूचना आणि फुटकळ सूचना आमच्यापुढे एकाच टायपात, एकाच रांगेत येतात.

आखूड धावपट्टीचं गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. नियम असा की कोरड्या धावपट्टीवर जेट विमान उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत थांबायला हवं. ओली असण्याची शक्यता असेल तर लागणारी लांबी आणखी 15 टक्के वाढवायची. संगणकाने हिरवा शेरा दिला. पण या गणितात रिव्हर्सर मुळात धरलेलाच नसतो! तो चालू असो वा बंद, आकडा तोच येतो. कोरड्यात ब्रेक पुरतात, त्यामुळे तिथे बिघडत नाही. पण पाणी साचलं, चाकं पाण्यावरून घसरू लागली, की ब्रेकचा जोर जातो आणि नेमका तेव्हाच रिव्हर्सरचा आधार लागतो. शिकागोच्या मिडवे विमानतळावर 8 डिसेंबर 2005 ला बर्फात एक विमान धावपट्टी ओलांडून रस्त्यावर गेलं आणि मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा दगावला. तिथेही टेलविंड होता, आणि रिव्हर्सर वेळेवर लागले नव्हते. त्या अपघाताविषयी वाचलेल्या माणसाला हिरवा शेरा पुरत नाही.

मग इंधन वाढवून दूरचा पर्यायी विमानतळ घ्यायचा का? त्याला आणखी दीड टन लागणार होतं. पण डायव्हर्ट व्हावं, म्हणजे तिकडे वळावं लागलं नाही, तर तेच दीड टन अंगावर घेऊन विमान आखूड, ओल्या पट्टीवर उतरणार. एक धोका कमी करायला जावं तर दुसरा वाढत होता.

मी कॅप्टनना फोन लावला. “सर, यातली एकेक गोष्ट असती तर मी सोडलं असतं. पाचही एकत्र असताना नाही सोडवत.”

त्यांनी क्षणभर कागद चाळले. “लांब धावपट्टी कधी उघडतेय?”

“आपण पोचतो त्यानंतर चाळीस मिनिटांनी.”

“मग तासभर थांबू. पण नोटॅमच्या वेळेवर विसंबू नका, काम खरंच संपतंय का ते विचारून घ्या.”

मी तिथल्या विमानतळावर फोन केला. यंत्रं बाजूला काढायला सुरुवात झाली होती. क्रूची ड्युटी मोजली, थांबूनही मर्यादेत बसत होती. विमान तासाभराने सुटलं आणि लांब धावपट्टीवर व्यवस्थित उतरलं.

पाऊस आलाच नाही. ढग बाजूने निघून गेले. आमच्या मूळ वेळेला दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच आखूड धावपट्टीवर कोरड्यात उतरलं. आमच्या काही प्रवाशांची पुढची विमानं चुकली आणि उशीर आमच्या विभागाच्या नावावर लागला. “कागद बरोबर होते ना? मग सोडायचं होतं,” असं एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला. हा माणूस आकडेमोडीत माझ्यापेक्षा तेज आहे, पण त्याच्या लेखी हवामानाचा अंदाज फक्त खरा किंवा खोटा ठरतो. मला हे पटत नाही. पाऊस पडला नाही म्हणून पडण्याची शक्यता नव्हती, असं कसं म्हणायचं? आणि तरीही, मी बरोबर होते हे दाखवायला माझ्या हातात काहीच नाही, हे मला सलतं.

आमच्या जोखीम तक्त्यात प्रत्येक बाबीला वेगळे गुण मिळतात. पाचही ओळी हिरव्या, आणि त्या एकमेकींवर काय परिणाम करतात ते लिहायला जागाच नाही. म्हणून मी सुरक्षा विभागाकडे अहवाल दिला. त्या फॉर्ममध्ये ‘कोणत्या नियमाचा भंग’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे मी ‘एकाही नाही’ असं लिहिलं आणि खाली पाचही गोष्टी, कोणती कोणाला जड करते त्यासकट, मांडल्या. कॅप्टननी आपला अहवाल त्याला जोडलाय. उत्तर अजून यायचंय.