मुलुंडचं घर, जिथे मी एक रात्रही राहिले नाही

घरमालकीण काकूंचा अंगठा उठेना. मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यात, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर भाडेकराराच्या नोंदणीवाला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र मांडून बसलेला. माझा एका दमात झाला, काकूंचा चार वेळा फेल. ‘कपाळावर घासा जरा, तेलकट झाला की उठतो,’ तो म्हणाला. काकूंनी घासला. पाचव्यांदा झालं एकदाचं. ‘चाळीस वर्षं भांडी घासली, रेषा राहतील कुठून?’ म्हणत त्या चहा टाकायला गेल्या.

त्यांचाच वरचा वन बीएचके. भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख, ११ महिने, १ जूनपासून. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘एकटीच राहणार?’ हे दोन वेळा विचारून झालं होतं. डोंबिवलीहून विक्रोळीच्या ऑफिसला रोज लटकून जाण्याला मी कंटाळले होते, म्हणून हा खटाटोप.

चौथ्या दिवशी ऑफिसचा मेल आला : जुलैपासून आपली टीम मालाडला, माइंडस्पेसमध्ये.

मुलुंड ते मालाड. नकाशावर मध्ये फक्त नॅशनल पार्क आहे, आणि तिथेच तर घोडं अडतं. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचा बोगदा होईल तेव्हा होईल, तोवर दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडा. म्हणजे डोंबिवलीचीच यातना, वर २८,००० भाडं.

ब्रोकरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, लॉक-इन सहा महिन्यांचं आहे, त्याआधी सोडता येत नाही. राहा नाहीतर राहू नका, सहा महिन्यांचे १,६८,००० द्यावे लागतील.’

कलम खरंच होतं. मसुदा त्याने आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलाही होता. पाणी किती वाजता येतं हे मी त्याला तीनदा विचारलं होतं; कलमं मात्र वाचली नव्हती. आपण तोंडाने रेंट ॲग्रीमेंट म्हणतो, पण ते असतं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक काळ वापरायची नुसती परवानगी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ते लेखी आणि नोंदणीकृत हवं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. आमचं सगळं रीतसर झालं होतं. स्टँप ड्युटी पाव टक्का, आमच्या हिशेबात आठशेच्या आसपास, वर नोंदणीचे हजार. इतकं रीतसर, की पळवाटच नाही.

वहिनीचा मामेभाऊ ठाण्याला वकिली करतो. तो म्हणाला, ‘करार कायद्याचं कलम ७४ वाच. आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप पदरात पडत नाही. कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. पण डिपॉझिट त्यांच्या खात्यात आहे, आणि कोर्टात घालवायला तुझ्याकडे किती वर्षं आहेत? ब्रोकरशी बोलू नकोस. काकूंकडे जा.’

गेले. हातात मेलची प्रिंट. काकूंनी ती वाचलीच नाही.

‘अगं, मला सहा महिन्यांचं भाडं फुकट घेऊन काय करायचंय? पण पावसाळ्यात घर बदलतं कोण? जून-जुलै रिकामं राहिलं तर ह्यांच्या औषधांचं मी कुठून काढू?’

म्हणजे प्रश्न लॉक-इनचा नव्हताच, दोन महिन्यांचा होता. मी म्हटलं, माणूस मी शोधून देते. वहिनीच्या मैत्रिणीची बहीण मुलुंडच्याच एका हॉस्पिटलमध्ये नर्स, तिला आणि नवऱ्याला चालत जाण्याच्या अंतरावर घर हवंच होतं. त्यांनी रविवारी घर पाहिलं, काकूंनी त्यांना पोहे खिलवले, १५ जूनपासून ठरलं. मधल्या पंधरा दिवसांचे १४,००० काकूंनी डिपॉझिटमधून कापले, आणि ते मला पटलं. करार रद्द केल्याचा कागद पाचशेच्या स्टँपपेपरवर केला (पूर्वी शंभराचा पुरायचा), दोघींच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यात ‘एकमेकींकडून कोणतंही येणं बाकी नाही’ ही ओळ मी स्वतः बसून घालून घेतली. उरलेले ८६,००० त्याच संध्याकाळी खात्यात आले. स्टँप ड्युटी आणि नोंदणीचे पैसे गेले ते गेलेच.

ब्रोकरेजही गेलं, एक महिन्याचं भाडं. निम्मं तरी परत द्या म्हटलं, तर ‘माझं काम ॲग्रीमेंटपर्यंत’. नंतर कळलं, नर्सबाईंच्या ॲग्रीमेंटची धावपळ काकूंनी सवयीने त्यालाच सांगितली आणि त्याने नर्सबाईंकडूनही अख्ख्या महिन्याचं ब्रोकरेज घेतलं. माणूस मी शोधलेला, पोहे काकूंचे.

परवा त्याचा मेसेज आला : ‘मॅडम, मालाडला पण आपली माणसं आहेत. बघू का?’