मुंबईत थंडी कुठे, मग स्टील उणे 20 ला का तपासता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण मी लॅबमधे जहाजाच्या प्लेटचे नमुने तोडतो हे कळलं की ट्रेनच्या ग्रुपपासून घरच्या लग्नापर्यंत सगळे हेच विचारतात, अहो इथे स्वेटर निघत नाही कपाटातून आणि तुम्ही स्टील उणे 20 ला गार कशाला करता?

आता जहाज माझगावला बांधलं म्हणून काय माझगावलाच राहणार आहे का. आणि बर्फच लागतो असंही नाही. 16 जानेवारी 1943 ला अमेरिकेत पोर्टलंडला स्केनेक्टडी हा नवाकोरा टँकर धक्क्याला शांत पाण्यात उभा होता, वादळ नाही टक्कर नाही, हवा उणे 3 च्या आसपास, आणि रात्री प्रचंड आवाज होऊन डेक आणि दोन्ही बाजू फाटल्या, तळाची प्लेट तेवढी टिकली. सगळ्यांनी बोट वेल्डिंगकडे दाखवलं, पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर बाईंनी दाखवून दिलं की मूळ दुखणं स्टीलचंच, ठरावीक तापमानाखाली ते ताणलं न जाता सरळ तुटतं. वेल्डिंगने फक्त तड्याचा रस्ता मोकळा केला, रिव्हेटच्या जोडाशी तो अडायचा, आता या प्लेटमधून त्या प्लेटमधे सुसाट.

आमचा नमुना करंगळीएवढा, 10 बाय 10 मिमी, लांबी 55, मधोमध 2 मिमी खोल व्ही खाच. खाच मुद्दाम, जहाजावर हॅचचा, म्हणजे डेकवर माल उतरवायच्या तोंडाचा, चौकोनी कोपरा असाच ताण एका जागी गोळा करतो. गार बाथमधून चिमट्याने काढला की 5 सेकंदात मशीनचा झुलता हातोडा त्यावर बसलाच पाहिजे, नाहीतर आपली मुंबईची हवा त्याला लगेच तापवते. चांगलं स्टील राखाडी, ओढून फाडल्यासारखं तुटतं, बाजू फुगते. ठिसूळ असेल तर तोंड सपाट आणि खडीसाखरेसारखं चमचम. मला अजूनही ती चमक दिसली की पोटात गोळा येतो.

डी ग्रेड हा जहाजाच्या स्टीलचा एक दर्जा, त्याला उणे 20 ला तीन नमुन्यांची सरासरी निदान 27 ज्यूल लागते, म्हणजे नमुना तोडताना हातोड्याची तेवढी ऊर्जा खर्ची पडली पाहिजे. एकदा एका प्लेटचे तिन्ही चमकले, सप्लायरचा माणूस म्हणाला साहेब जरा रूम टेम्परेचरला करून बघा ना. केला. 100 च्या वर गेला, नमुना नुसता वाकला, दोन तुकडेसुद्धा झाले नाहीत. म्हटलं बघा, हीच प्लेट, हाच हातोडा, फक्त गारवा वेगळा. तो बराच वेळ ते चमकणारे तुकडे हातात फिरवत बसला, आणि प्लेट त्याच ट्रकने परत गेली.