संगमापासून वर, येरळेच्या काठाने

मी साताऱ्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एकवीस वर्षं झाली, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेतले ‘विज्ञान: शाप की वरदान’ या विषयावरचे निबंध माझ्याकडे तपासायला येतात. मुलं अर्धं पान वरदानाला देतात, अर्धं शापाला, आणि ‘शेवटी ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं लिहून मोकळी होतात. मीही गुण देऊन मोकळी होते. यंदा एका मुलीने त्याच्या पुढे एक ओळ लिहिली होती: ‘पण वापरणारा कोण, हे कोण ठरवतं?’ वेळ संपला असावा, कारण निबंध तिथेच थांबला होता. मला मात्र तो प्रश्न सोडेना.

मे महिन्याच्या शेवटी भावाकडे सांगलीला गेले. भाच्याचं पलूसला ठिबकचं दुकान आहे, त्यामुळे त्याची गावोगाव फिरती असते. “आत्या, येतीस का मागं बसून?” म्हणाला, आणि मी लगेच निघाले.

पहिल्या दिवशी नदीपलीकडे गेलो. कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 सालचा. इथे 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. पूल ओलांडून डिग्रजच्या बाजूला गेलो आणि भाच्याने गाडी एका रानाच्या कडेला लावली.

मे महिन्यात रान पांढरं दिसलं की आधी वाटतं, चुना पसरलाय. जवळ जाऊन चिमूटभर उचललं. पिठासारखं मऊ. जिभेला लावलं, तर खारट आणि मागून कडवट. ढेकूळ फोडलं तर आत काळीभोर ओल. वितभर खाली पाणी असल्यासारखी माती गार लागत होती, आणि वर एक लव्हाळा सोडून काही उगवलेलं नव्हतं. मालक पन्नाशीचे. म्हणाले, “वडील हितं एकरी साठ-सत्तर टन ऊस काढायचे. आता वैरण पण येत न्हाई.”

यामागचं विज्ञान मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. काळ्या, खोल, निचरा न होणाऱ्या जमिनीला वर्षानुवर्षं पाटाने भरमसाट पाणी दिलं की भूजल वर येतं. केशाकर्षणाने ते पृष्ठभागापर्यंत चढतं, उन्हाने उडून जातं आणि सोबत आणलेले क्षार वरच राहतात. फळ्यावर दहा मिनिटांत संपणारी ही गोष्ट इथे एका माणसाच्या दोन पिढ्या घेऊन बसली होती. त्यावर उपायही आहे. जमिनीत तीन-चार फुटांवर भोकांच्या नळ्या टाकायच्या, त्यांना जाळी गुंडाळायची, उतार देऊन पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं. क्षार धुऊन निघतात आणि काही वर्षांत रान पुन्हा पिकतं. कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, माहितीची वानवा नाही.

“मग टाकत का नाही?” मी विचारलं.

“नळी आज टाकीन. पण माझं पाणी जाणार कुठनं? ओढा चार रानं सोडून हाय. खालचा म्हणतो माझ्या बांधातनं नको. त्याच्या खालचा तर दोन वर्षं बोलत न्हाई.”

नळीचा उतार काढणारं यंत्र बाजारात भाड्याने मिळतं. चार बांधांना एकत्र बसवणारं काही मिळत नाही. जिथे गावाने मिळून एकच मोठी नळी टाकली, तिथली रानं सुधारली आहेत, हे भाच्याने स्वतः पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी खरा प्रवास सुरू झाला. नांद्रे, वसगडे करत ब्रह्मनाळला. इथे येरळा कृष्णेला मिळते. खटाव तालुक्यातून निघालेली येरळा वर्षातले बहुतेक महिने नुसती वाळूची नदी असते. वरच्या अंगाला लोक टँकरची वाट बघतात आणि तिच्याच मुखाशी गाव पुरात बुडतं. 8 ऑगस्ट 2019 ला इथली बोट उलटली. पुरातून बाहेर पडू पाहणारी गावातलीच माणसं होती ती, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. मी घाटावर थोडा वेळ उभी राहिले. नदी इतकी शांत होती की ते खरं वाटेना.

एका घरी पाणी मागितलं, तर चहाही झाला. घरातल्या काकूंनी भिंतीवरची निळी रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्याही वर. “हे एकोणीसचं. आणि ही खालची छोटी रेघ बघा बाई, ही आम्ही मागनं मारली.” त्यांच्या गोठ्याच्या खांबावरही तशाच रेघा होत्या, शेजारी खडूने आकडे. आयर्विनला अमुक फूट झालं की पाणी गोठ्यात, तमुक झालं की उंबऱ्याला, हा हिशेब त्यांनी दोन-तीन पावसाळे बघून स्वतः बसवला होता. “मोबाईलवर यायचं, कोयनेतनं एवढे क्युसेक सोडलं. क्युसेक म्हंजे किती, आमच्या दारात कवा येणार, कोण सांगतंय? आता आम्हीच खांब बघतो. एकवीसला परत पाणी आलं तवा जनावरं दोन दिवस आधी हलवली होती.”

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. हे मला पाठ आहे, पण त्या खांबापुढे माझ्या पाठांतराची किंमत काय? धरणावर पाणी मोजणारी यंत्रं आहेत, उपग्रहाचे फोटो आहेत, पावसाचे अंदाज आहेत. ते सगळं खरं आणि मोलाचं आहे. तरीही त्या आकड्याचं त्या गोठ्याच्या भाषेत भाषांतर होईपर्यंत तो काकूंच्या काहीच कामाचा नव्हता. आणि ते भाषांतर कुठल्या कचेरीने केलं नाही, त्यांनी स्वतः केलं.

पलूस, मग किर्लोस्करवाडी. इथे फार थांबलो नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. आधी लोखंडी नांगर आला, पुढे पंप आले. लोखंडाने जमीन नासेल म्हणून सुरुवातीला शेतकरी नांगर घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट माझे वडील आम्हाला सांगायचे. डिग्रजचं पांढरं रान आदल्याच दिवशी पाहिलेलं असल्याने मला ती भीती पहिल्यांदाच अगदीच खुळी वाटली नाही. नांगराने जमीन नासली नाही, हे खरंच. पण नवं अवजार रानात येताना माणसाने घाबरून दोन प्रश्न विचारले, यात चूक काय होती?

कडेगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर आहे. रामापूरच्या पुलाकडे जाताना भाच्याने मला तिथे नेलं, आणि हा भाग लिहिताना मला अवघड जातंय. भावाने तिथे तीन बोअर मारली. तिन्ही कोरडी. भाऊ डिप्लोमा झालेला, आयुष्यभर कारखान्यात मशीन चालवलेला माणूस. पण जागा दाखवायला तिन्ही वेळा पाणाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो रानभर फिरला, नारळ उभा राहिला तिथे फुली मारली. मग रात्री तमिळनाडूची गाडी आली, सहाशे फूट खाली गेली आणि पहाटेपर्यंत नुसती धूळ वर आली.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात कितीही खाली गेलं तरी पाणी लागेल याची हमी नसते. ते सहाशे फूट खोदणारं यंत्र अव्वल दर्जाचं होतं. कुठे खोदायचं हे मात्र नारळाने ठरवलं. आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वैज्ञानिक दृष्टिकोन या दोन शब्दांसाठी आयुष्यभर गावोगाव हिंडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. भावाच्या रानातल्या त्या तीन केसिंग पाइपांकडे बघताना मला वाटलं, यंत्र विकत घेता येतं, दृष्टिकोन घेता येत नाही, एवढं बोलून मला सुटता येणार नाही. कारण भावाला मी तरी कधी सांगितलं होतं? रानाच्या खालचा खडक कसा आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगायला कुणीच आलं नाही. पाणाड्या आला. त्याने निदान रानभर चालून तरी दाखवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत बलवडी गाठायचं होतं. खानापूर तालुक्यातली बलवडी आणि तांदूळवाडी. 1982 च्या संपानंतर मुंबईतले गिरणी कामगार गावी परतले, तेव्हा इथे दुष्काळ होता. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेतली वाळू ठेकेदार ट्रकने नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. या दोन गोष्टींचा संबंध लोकांनी जोडला. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला आले, परवानगीसाठी भांडावं लागलं, गावाने ठरवून थोडी वाळू विकली, त्या पैशात आणि श्रमदानात नदीवर धरण बांधलं. नाव दिलं बळीराजा स्मृती धरण. आणि नियम केला की पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा सारखा वाटा, ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याचाही. उसाला पाणी नाही.

भिंत फार मोठी नाही. कोयना बघितलेल्या डोळ्यांना तर ती दिसणारही नाही. काठावर एक आजोबा शेळ्या घेऊन बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पूर्वीचे गिरणी कामगार. मी विज्ञानाची बाई आहे म्हटल्यावर हसले. “मग बाई, तुम्हाला आमचा धडा दाखवतो.”

भाच्याच्या पिशवीतला रिकामा डबा घेतला, पात्रातली कोरडी वाळू त्यात काठोकाठ भरली, हाताने सपाट केली. “भरला?” भरला. मग त्यांनी माझ्या बाटलीतलं पाणी त्यात ओतायला सुरुवात केली. वाळू ते पीत गेली. हळूहळू ओतत डब्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी त्या ‘भरलेल्या’ डब्यात मावलं, तेव्हा कुठे वर चमक आली. “ही वाळू उचलली की पाणी उचललं. तवा मीटिंगला कुणी ऐकंना, मग असा डबा फिरवला गावातनं.”

सच्छिद्रता हा शब्द मी किती वर्षं फळ्यावर लिहिला! डब्याने ते कधी दाखवलं नाही.

उसाचा नियमही असाच हिशेबातून आलेला. एका एकरावर 500 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 20 लाख लिटर पाणी होतं. पाटाने पाणी दिलेल्या उसाला वर्षाकाठी त्याच्या चौपट लागतं. म्हणजे एक एकर ऊस चार एकरांवरचा पाऊस पितो. मग ते चार एकर कुणाचे, हा प्रश्न आपोआप येतो. इथल्या लोकांनी तो विचारला. त्या मुलीच्या निबंधातल्या ओळीचं उत्तर मला कुठे मिळालं असेल, तर इथे मिळालं. वापरणाऱ्यांनी मोजलं, आणि मोजलं म्हणून त्यांना ठरवता आलं. नुसत्या चांगुलपणाने ते जमलं नसतं. डबा लागलाच.

आजोबा आता वेगळ्या काळजीत होते. टेंभू उपसा योजनेचं पाणी तालुक्यात आलं, म्हणजे कऱ्हाडजवळून कृष्णा उचलून टप्प्याटप्प्याने इतक्या वर चढवली. ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी टँकर बघितलाय त्यांना ते पाणी बघून रडू येतं, हे मी ऐकलेलं नाही, आमच्याच घरात पाहिलंय. पण पाण्यामागून ऊस आला. “पोरं म्हणत्यात, पाणी हाय तर लावू दे की. काय सांगायचं त्यास्नी?”

मी मोबाईल काढून डिग्रजच्या रानाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, फोन डोळ्यांजवळ नेला.

“हे मीठ हाय?”

“हो.”

“किती वर्षांत झालं?”

“मालकाच्या वडिलांच्या काळात ऊस चांगला होता. म्हणजे एका पिढीत.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पलीकडे मोटारसायकलवर बसलेल्या नातवाला हाक मारली. तो आला, त्याने फोटो मोठा करून पाहिला, आपल्या ग्रुपवर टाकायला मागितला. भाच्याने पाठवला. नातू तिथेच उभा राहून त्याला विचारायला लागला, नळी किती खोल घालायची, उतार किती द्यायचा, आणि वरच्या रानाचं पाणी खालच्याने घ्यायला नकार दिला तर काय करायचं.