कट कुठल्या मात्रेवर मारायचा?

गेली पंधरा-सोळा वर्षं मी नाचतेय आणि व्हिडिओ शिकायला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय, त्यामुळे पुढचं सगळं एका नवशिकीनं लिहिलंय असं धरूनच वाचा. एडिटिंगवाली मंडळी हसतील काही ठिकाणी, हसू देत.

सुरुवात कशी झाली तर मला वाटायचं त्यात काय एवढं, नाच आपल्याला येतो, फोनला कॅमेरा आहे, झालं की! हॉलच्या टोकाच्या भिंतीला ट्रायपॉड लावला, लाल बटण दाबलं, धावत जाऊन जागा घेतली आणि सहा मिनिटांचा पीस अख्खा नाचले, जीव तोडून नाचले. मग घाम पुसत बघायला बसले तर स्क्रीनवर एक मुंगी इकडून तिकडे चालली होती. पायाचा आवाज नाही, श्वास नाही, ज्या उडीवर प्रत्यक्षात लोक दचकतात तिथे मुंगी जरा वर गेली आणि खाली आली, बस. दुसऱ्या मिनिटाला मी स्वतःच पुढे ढकलायला लागले. स्वतःचा नाच!

मग कळलं की मी नाचाचं रेकॉर्डिंग केलं होतं, नाचाची फिल्म ही वेगळीच भानगड आहे. समोर बसलेला माणूस आपले डोळे आपणच फिरवत असतो, आत्ता पाय बघ, आत्ता चेहरा बघ, तो मनातल्या मनात क्लोजअप घेतच असतो. कॅमेऱ्याला हे सगळं कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणारी मीच.

पहिला धडा जागेचा. स्टेज हा चौकोन असतो, त्याची सवय अंगात इतकी मुरलेली असते की वेगळा विचारच येत नाही. कॅमेऱ्याला दिसते ती जागा लेन्सपासून सुरू होऊन मागे मागे रुंद होत जाणारी पाचर असते. मी जमिनीवर चिकटपट्टीनं तो त्रिकोण आखला आणि त्यात नाचून बघितलं. टोकाजवळ एक पाऊल बाजूला टाकलं की तुम्ही फ्रेमच्या बाहेर, आणि मागच्या भिंतीपाशी आठ पावलं टाकली तरी फ्रेम संपत नाही. लेन्सकडे सरळ चालत या, दोन पावलांत मुंगीची राक्षसीण होते. माझ्या पीसमधली निम्मी चाल आडवी होती, ती सगळी मोडून तिरकी केली तेव्हा कुठे त्यात जरा जान आली.

कॅमेरा माझी मैत्रीण धरते, तिला नाच अजिबात येत नाही पण एडिटिंग येतं, आणि आमचं पहिलं भांडण झालं ते पायांवरून. मी हॉलिवूडचा नाचणारा नट फ्रेड अस्टेअर याच्या बाजूची. १९३० च्या दशकातल्या त्याच्या नाचांत डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस दिसतो, कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी, कमीत कमी, कारण त्याचा आग्रहच तसा होता. कुठल्याही नाचणाऱ्या माणसाला हेच हवं असतं. माझे पाय कापून टाकलेस म्हणून मी तिच्यावर इतकी चिडले होते! ती काही बोलली नाही, तिनं फक्त मला माया डेरेन या प्रयोगशील फिल्मकार बाईनं १९४५ साली केलेली एक जेमतेम तीन मिनिटांची मूक फिल्म दाखवली. टॅली बीटी नावाचा नर्तक जंगलात सावकाश पाय उचलतो आणि तो पाय खाली येतो तो थेट एका घरातल्या खोलीत. हालचाल एकच, सलग, जागा मात्र दोन. शेवटी एक उडी आहे, तीही तुकडे जोडून केलेली, कुठलाही माणूस हवेत राहू शकणार नाही इतका वेळ तो हवेत असतो. आणि सुरुवातीच्या नावांत डेरेनच्या बरोबरीनं बीटीचंही नाव आहे, ते मला फार आवडलं. मी ती फिल्म त्या रात्री दहाएक वेळा तरी बघितली असेल. पायांवरचं भांडण तिथेच संपलं (तिला अर्थात तसं सांगितलं नाही).

दुसऱ्याच दिवशी नक्कल करायला निघालो. एक गिरकी, सुरू खोलीत, मध्य गच्चीवर, शेवट मोकळ्या मैदानात. कागदावर अर्ध्या तासाचं काम होतं, तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी मी प्रत्येक ठिकाणी गिरकीचा फक्त तेवढाच तुकडा नाचले आणि जोडल्यावर दिसलं की प्रत्येक कटला अंगातला जोर शून्यावर येतोय, जसं काही कुणी मला दर वेळी नव्यानं चावी देतंय. मग मैत्रीण म्हणाली की आधीच्या दोन मात्रा आणि पुढच्या दोन मात्रा दोन्हीकडे नाचायच्या, कट हालचालीच्या पोटात कुठेतरी मारायचा. म्हणजे चार मात्रांसाठी आठ नाचायच्या. दुसऱ्या दिवशी ते जमलं, पण गच्चीवर माझा अंबाडा सुटला होता आणि खोलीत तो बांधलेला होता, त्यामुळे एका गिरकीत केस आपोआप सुटतात असा चमत्कार तयार झाला. तिसऱ्या दिवशी मैदानात ऊन, फोन सगळं ऑटोवर, त्यानं उजेड बघून शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ, एकदम फास्ट केलं आणि गिरकी तुकड्या-तुकड्यांत थरथरत आली, प्रत्येक फ्रेममध्ये हात सुरीनं कापल्यासारखा स्वच्छ. नाचाला तो थोडा पुसटपणा लागतोच. आता आम्ही सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, ठेवतो आणि शटर १/५० सेकंदावर लॉक करतो, बाहेर उजेड जास्त असला तर लेन्सवर उजेड कमी करणारी काळपट काच, एनडी फिल्टर, लावतो, म्हणजे गोगलच.

स्लो मोशनचा किस्सा तर विचारूच नका. मला हवं होतं की अंग तरंगल्यासारखं दिसावं पण पाय गाण्याच्या ठेक्यावरच पडावेत. उपाय सोपा, ५० फ्रेमनं शूट करायचं, २५ नं चालवायचं, म्हणजे वेग निम्मा होतो. फक्त शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं लावायचं आणि दुप्पट वेगानं नाचायचं! मी ते केलं. चाळीस सेकंदांचा तुकडा वीस सेकंदांत, सात टेक, आणि सातव्यानंतर जमिनीवर आडवी. पण स्क्रीनवर जे दिसलं त्याला तोड नाही, ठेका एकदम चोख आणि केस मात्र पाण्याखाली असल्यासारखे.

आता मूळ मुद्दा, कट कुठे मारायचा. मी नाचणारी, मला समेवर यायची खोड, त्यामुळे सुरुवातीला मी प्रत्येक कट बरोब्बर ठोक्यावर मारायचे. बघायला अगदी कवायत, दोन कट झाले की तिसरा कुठे येणार ते आधीच कळतं. मैत्रिणीनं काही न सांगता एक कट तीन फ्रेम अलीकडे सरकवला. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भागसुद्धा नाही. आणि अचानक ठोका कटचा राहिला नाही, पायाचा झाला, कारण पाऊल पडायच्या आत डोळा नव्या जागी पोचलेला होता. त्या तीन फ्रेममध्ये मला जे कळलं ते मी क्लासमध्ये कित्येक वर्षं ऐकत आले होते, समेच्या आधी मोकळी जागा सोड म्हणून. तेव्हापासून मी टाइमलाइनवर मात्रा मोजते, तोंडानं, मोठ्यानं, घरचे वैतागतात.

याच्या बदल्यात तिला मी मात्रा शिकवल्या. कॅमेरा हातात घेऊन ती आधी माझ्या मागे नुसती पळायची, एकदा कोपर लागलं मला कपाळावर. मग तिची पावलंच बसवली, चारला डावीकडे, पाचला खाली बसायचं, आठला उठायचं. आता आम्ही दोघी मिळून मोजतो आणि तिची चाल माझ्याइतकीच पाठ असते. ती अजून म्हणते मला नाच येत नाही. बरं.

मागच्या आठवड्यात एका कार्यक्रमासाठी विचारणा झाली की व्हिडिओत केलेला तो नाच स्टेजवर कराल का. मी हो म्हणून बसले. घरी येऊन उभी राहिले, पहिल्या चार मात्रा झाल्या, पाचला पाय उचलला. तो पाय खाली येतो मैदानात. मी तशीच एका पायावर उभी, आता हा ठेवू कुठे?