सुरकुतलेल्या फळांचा केक

आमच्या कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या घराच्या गच्चीवर एक वेल आहे. कुर्गला फिरायला गेलो होतो तेव्हा मडिकेरीच्या एका नर्सरीतून नवऱ्यानं हौसेनं आणलेला. आणला पॅशन फ्रूट म्हणून, पण पहिलं फूल उमललं तसं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याचं नाव बदलून टाकलं. "अगं, हे कृष्णकमळच की! हे बघ, भोवतीनं कौरव, आत पाच पांडव, आणि मधी ब्रह्मा-विष्णू-महेश." त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही एकाच घराण्यातले वेल. पण त्या दिवसापासून वेलावरची सगळी फुलं देवघरात जायला लागली. जांभळ्या फळाच्या वेलाचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणजे नेमकं पूजेच्या वेळेला ताजं. आत्याबाई सकाळी परडी घेऊन वर, भुंगे त्यांच्या नंतर.

मी शेणखत घातलं, राख घातली, नर्सरीवाल्याला नावं ठेवली. वर्षभर एक फळ नाही. मग एकदा वाळवण उचलायला गेले तर पाण्याच्या टाकीच्या वर, जिथं आत्याबाईंचा हात पोचत नाही तिथं, दोन हिरवे गोळे लोंबत होते. त्यानंतर आमच्यात तह झाला. कठड्याच्या खालची फुलं देवाची, वरची माझी.

या वर्षी जूनपासून फळं पडायला लागली. हे फळ तोडायचं नसतं, पिकलं की आपण होऊन गळतं. गुळगुळीत असताना कापलं तर डोळे मिटावेत इतकं आंबट. चार-सहा दिवस टोपलीत ठेवलं की साल सुरकुततं, आतला गर जरा गोडावतो आणि वास असा सुटतो की पेरू, अननस आणि लिंबू कुणीतरी एका पिशवीत घालून ठेवलेत. हे मला कळेपर्यंत आत्याबाईंनी 'नासली' म्हणून सहा चांगली सुरकुतलेली फळं वेलाच्याच बुडात पुरली होती.

मामंजींना श्रावणात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मी जाहीर केलं की केक घरी करणार आणि आपल्या वेलाच्या फळाचा करणार. श्रावण असल्यामुळे बिनअंड्याचा, आणि मामंजींना कवळी असल्यामुळे बिनबियांचा. या दोन अटी ऐकायला सोप्या वाटतात.

भट्टीचं वेड मला लहानपणापासूनचं. आमच्याकडं उन्हाळ्याच्या सुट्टीत रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून बेकरीत न्यायचं आणि नानकटाई करून आणायची, ही पद्धत. डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून रांगेत बसायचं. पत्र्यावरची गरम नानकटाई खाऊन जीभ भाजून घ्यायची. त्यामुळं केक म्हणजे काय मोठं, असा माझा तोरा होता.

पहिल्या वेळेला दहा फळं कापली. गर चमच्यानं काढला आणि मिक्सरला फिरवला. बिया फुटल्या. गर काळपट झाला, मागं कडसर चव आली, आणि गाळण्यातून बारीक काळे कण खाली आलेच. फळ आंबट आहे तर सोडा भरपूर हवा असं माझं गणित, म्हणून दोन वाट्या मैद्याला एक चमचा सोडा घातला. गर ओतल्याबरोबर पीठ पातेल्यात फसफसून वर आलं. मी खूश. एवढ्यात लाईट गेली. चाळीस मिनिटांनी आली तोपर्यंत पीठ खाली बसलेलं. तसंच भाजलं. केक बाहेर आला तो घट्ट, वर गडद तपकिरी, आणि चव साबणाची. आत्याबाईंनी एक तुकडा तोंडात घातला आणि विचारलं, "खसखस घातलीस व्हय?" मुलानं काही विचारलं नाही, पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी खारी आणायला गेले तेव्हा बेकरीतल्या चाचांना सांगितलं. हे चाचा आमच्या नानकटाईच्या दिवसांपासून भट्टीवर आहेत. त्यांनी पॅशन फ्रूट कधी पाहिलेलं नव्हतं, पण मला दोन मिनिटांत उभंआडवं तपासलं. सोडा आंबटाला लागला की त्याच क्षणी कामाला लागतो, लाईट यायची वाट बघत नाही. जास्तीचा सोडा आंबटपणा मारून टाकतो, रंग काळवंडतो आणि साबण लागतो. "सोडा चिमटीनं घालायचा बेटा, आणि पीठ कालवायच्या आधी भट्टी तापलेली पाहिजे." मग त्यांनी विचारलं, रस किती घातलास? मी म्हटलं, अंदाजानं. "आणि दही?" तेही घातलं. चाचा हसले. रस घातला तेवढं दही कमी करायचं, हे मला पिठाच्या थलथलीतपणावरूनच कळायला हवं होतं.

बियांचा प्रश्न सुटला तो रवीनं. चहाच्या गाळण्यात गर दाबून बघितला, गाळणं तुंबलं. मामंजी तरुणपणी तालमीत जायचे, त्यांचं थंडाई गाळायचं फडकं अजून कपाटात आहे. ते वापरलं, तर निम्मा रस फडकंच प्यायलं. शेवटी एका उभ्या भांड्यात गर घेतला, त्यात ताक घुसळायची लाकडी रवी घातली आणि हातानं वीसेक वेळा फिरवली. प्रत्येक बीभोवती गराची जी पारदर्शक पिशवी असते ती रवीनं सुटते आणि बी अखंड राहते. मग साध्या पुरणाच्या चाळणीतून रस झरझर खाली आला आणि वर काळ्या स्वच्छ बिया राहिल्या. हे जमलं तेव्हा मला मूळ केकपेक्षा जास्त आनंद झाला. चौदा फळांचा साधारण दोनशे मिली रस निघतो.

दुसऱ्या वेळेला मफिन केले. चाचांचं ऐकून सगळं मोजून घेतलं आणि पाण्याऐवजी, दुधाऐवजी जिथं जमेल तिथं रसच घातला. मफिन सुरेख फुगले. घरभर असा घमघमाट की मुलगा क्लासवरून आला तो चप्पल न काढता आत. "मम्मी, काय वास सुटलाय, नाद खुळा!" मग त्यानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि विचार करून म्हणाला, "पण हा दह्याचाच केक आहे की."

मी खाऊन बघितला. खरंच, मऊ होता, किंचित आंबट होता, पण फळाचा पत्ता नव्हता. रात्री भांडी घासताना उलगडलं. घरभर जो वास सुटला होता तो केकमधूनच उडून गेला होता. ओव्हनच्या 180 अंशांत आंबटपणा टिकतो, वास टिकत नाही. आठ फळांचा वास माझ्या पडद्यांना लागला.

म्हणजे फळ भाजायचं नाही, भाजून झाल्यावर घालायचं. केकवर घालायला रसाचं दाट, लेमन कर्ड नावाच्या आंबटगोड लेपासारखं काहीतरी करायचं ठरवलं, पण अंड्याशिवाय. ही तिसरी खेप सगळ्यात फजितीची. जड बुडाचं भांडं हवं म्हणून माळ्यावरचं पितळी पातेलं काढलं. त्याची कल्हई कधीच गेलेली होती, माझ्या डोक्यात आलंच नाही. रस, साखर, कॉर्नफ्लोअर घालून ढवळत बसले. दहा मिनिटांत रंगाला हिरवट झाक आली. जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. कळकलं होतं. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "आंबट आणि पितळ! शिकलेली ना तू?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

स्टीलच्या भांड्यात पुन्हा केलं. छान दाट झालं, मग आणखी दाट व्हावं म्हणून उकळत ठेवलं, तर उलटं पातळ होत गेलं. आंबट रसात कॉर्नफ्लोअर फार वेळ शिजवलं की त्याची पकड सुटते. आणि वास पुन्हा पडद्यांना.

हे सगळं होईपर्यंत वाढदिवस परवावर आला होता आणि टोपलीत जेमतेम सात फळं होती. पण त्या आठवड्यात पाऊस असा लागला की पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली. बावड्यात राहणाऱ्याला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही, सकाळी दूधवालाच सांगतो. पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडं सरकायला लागलं, केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर पाणी आलं आणि मलकापूरच्या नणंदेचा फोन आला की आम्ही निघू शकत नाही. लेक नाही तर केक कापणार नाही, असं मामंजींनी सांगून टाकलं. कार्यक्रम आठ दिवस पुढं गेला. पूर ही काही आनंदाची गोष्ट नाही, पण त्या आठ दिवसांत वेलानं आणखी पंधरा फळं टाकली. मी रोज छत्री घेऊन गच्चीवर.

शेवटी जमलं ते असं. केकसाठी 180 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम म्हशीच्या दुधाचं दही, 100 मिली तेल, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चहाचा चमचा सोडा. रस फक्त दोन मोठे चमचे, तोही चव मागं रेंगाळावी म्हणून. ओव्हन आधी तापवलेला. कोरडं वेगळं चाळलं, ओलं वेगळं फेटलं, दोन्ही एकत्र केल्यावर मैद्याचे गोळे मोडेपर्यंतच हलवलं आणि लगेच भांडं आत. सात इंची भांड्याला 180 अंशांवर अडतीस मिनिटं लागली. याच पिठाचे दहा मफिन होतात, त्यांना वीस मिनिटं पुरतात.

केक कोमट झाल्यावर त्याला विणायच्या सुईनं भोकं पाडली आणि तीन मोठे चमचे कच्चा रस पिठीसाखरेत कालवून वरून सोडला. कडकडीत गरम केकवर सोडू नका, पुन्हा पडदेच सुगंधी होतील.

वरच्या थरासाठी 20 ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि 90 ग्रॅम साखर 100 मिली पाण्यात कालवून स्टीलच्या भांड्यात शिजवलं. आधी पांढरं असतं, मग बुडबुडे येऊन काचेसारखं दिसायला लागतं. तसं झाल्यावर एक मिनिट ढवळून गॅस बंद केला, 30 ग्रॅम लोणी घातलं आणि मग 120 मिली कच्चा रस थोडा थोडा करत फेटत गेले. रंग आपोआप पिवळाधमक आला. थंड झाल्यावर चमच्याच्या पाठीला चिकटून बसतं. चाखून बघितलं आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले. टोपलीतला वास जसाच्या तसा वाटीत होता.

मफिनना मधोमध चमच्यानं खळगा करून त्यात हेच भरलं. पोरांसाठीच्या मफिनवर थोडा न गाळलेला गर घातला, कारण त्या काळ्या बिया पिवळ्यावर दिसतात छान आणि दाताखाली कुरकुरतात. मामंजींच्या केकवर एक बी नाही, चाळणीतून दोनदा काढलेलं.

नणंद आली, औक्षण झालं, केक कापला. मामंजींनी पहिला घास खाऊन डोळे मिटले, मला वाटलं आंबट झालं. पण त्यांनी बशी पुढं केली. आत्याबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि नणंदेला सांगितलं, "आमच्या कृष्णकमळाचा हाय." नणंदेला रेसिपी हवी होती, मी म्हटलं, आधी मलकापूरला एक रवी आहे का बघ. बेकरीतल्या चाचांना चार मफिन पाठवले. डबा परत आला तो खारीनं भरून, आणि चाचांचा निरोप होता की सोडा अजून जरासा कमी चालेल.

सकाळी फ्रिज उघडला तर पोरांसाठी ठेवलेल्या शेवटच्या दोन मफिनचे कागद रिकामे होते. मुलगा तर झोपलेला. मामंजी व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. शेजारी पाण्याच्या पेल्यात कवळी, आणि चहाच्या बशीत ओळीनं लावलेल्या अकरा काळ्या बिया.